तंतोतंत जुळणारा पत्रा

लिस्केन आत आली तेव्हा तिच्या एकाच पायात लाकडी जोडा होता. दुसरा मासळीबाजाराच्या चिखलात कुठेतरी राहिला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"मावशी, उद्या दहा वाजता बाबांना धरून नेणार आहेत," ती म्हणाली. "कोतवाल स्वतः येणार आहे."

गोदलीव्ह ब्राक्सने हातातला हेरिंग मासा ताटलीत ठेवला आणि बोटं पुसली. तिचे वडील अँटवर्पचे सरकारी कापड-मोजणीदार होते. त्यांच्या गजाशेजारीच ती लहानाची मोठी झाली होती. आता पन्नाशी उलटलेली ही विधवा बाई शहरात एकाच गोष्टीसाठी ओळखली जायची. ज्याचा मेळ बसत नाही ते तिच्याकडे न्यावं, ती तो बसवून देते.

"बस आधी. भावजी, हिला गरम बिअर द्या."

भावजी म्हणजे पाउवेल्स, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. भट्टी पुतण्याच्या हवाली केल्यापासून हा निवृत्त पाववाला वहिनीच्या मागे मागे हिंडायचा. देह ऐसपैस, डोकं सावकाश आणि मन लोण्याचं.

"धरून? उस्ताद गिलिसना?" त्याने विचारलं. "त्यांना तर दिसतही नाही!"

गिलिस रूलांट्सला अँटवर्पमध्ये कोण ओळखत नव्हतं? चाळीस वर्षांत त्याने एकतीस शहरं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली होती, कागदावर छापायला. मनोरे, पूल, होड्या आणि पुढच्या बाजूला गप्पा मारत उभी असलेली माणसं. स्वतःचं शहर मात्र त्याने शेवटी घेतलं. चार वर्षं खपून, डोळ्यांतला उरलासुरला उजेड खर्चून ईस्टरला त्याने अँटवर्पचा पत्रा संपवला आणि जून उजाडेपर्यंत त्याला दिसायचं पूर्ण थांबलं.

"त्या पत्र्यात नवी तटबंदी आहे," लिस्केन सांगू लागली. "लढाईचे दिवस, म्हणून नगरसभेचा शिक्का पडेपर्यंत छापायचा नाही असा हुकूम आहे. ईस्टरला फक्त तीन छाप काढले. एक प्रकाशक हेंड्रिक सास यांना, एक बाबांच्या जुन्या सहकाऱ्याला, योस्टला, आणि एक परवानगीसाठी कारागिरांच्या गिल्डचे प्रमुख मेल्किओर यांच्याकडे. आणि आता मिडलबर्गमध्ये, बंडखोरांच्या बाजारात, तोच छाप उघड विकला जातोय. हेरिंगच्या होडीतून एक इथे आलाय."

"कुणीतरी नक्कल केली असेल," पाउवेल्स म्हणाला.

"तसंच वाटलं. पण प्रमुख मागच्या आठवड्यात घरी आले. मिडलबर्गचा कागद त्यांच्याकडच्या कागदाशी रेघ न् रेघ जुळतो. मग त्यांनी आपला कागद आमच्या पत्र्यावर पालथा ठेवला. पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर उमटतो ना, तो चारी बाजूंनी कडांशी जुळला. 'केसाइतका फरक नाही,' म्हणाले. 'म्हणजे पत्रा हाच, आणि तो घरातून बाहेर गेला तर गिलिसच्याच हाताने गेला.'"

"आणि शत्रूला तट दाखवणाऱ्याला..." पाउवेल्सने वाक्य अर्धवट सोडलं. ते पुरं करायची गरज नव्हती. चौकातला फाशीचा खांब सगळ्यांनी पाहिलेला होता.

गोदलीव्ह उठली. वडिलांचा गज आणि दोऱ्याची रीळ तिने पिशवीत टाकली. तिच्या गालांवर लाली चढली होती. गुंता हाती आला की ती वीस वर्षांनी तरुण दिसायची, असं पाउवेल्सचं खाजगी मत होतं.

"चला," ती म्हणाली. "आणि या मुलीला माझे जोडे द्या."

*

गिलिस खिडकीशी बसला होता. खिडकीचा त्याला उपयोग नव्हता, पण चाळीस वर्षांची सवय. दोन्ही हात त्याने बाह्यांत खुपसले होते.

पत्र्याची पेटी टेबलावर होती. "ईस्टरनंतर सुताराने मापावर करून दिली," लिस्केन म्हणाली. "आत लोकर लावलेली. इतकी गच्च की पत्रा काढायला ती उलटी करून थोपटावी लागे. सप्टेंबरअखेर नगरसभेच्या शिक्क्यासाठी पेटीसकट गिल्डमध्ये नेली होती, तीन दिवस. परत आली तेव्हापासून इथेच, आणि किल्ली बाबांच्या गळ्यात."

पाउवेल्सने पेटी उचलली. आत काहीतरी खडखडलं. झाकण उघडून त्याने पेटी जरा तिरकी केली तर पत्रा आपणहून सरकत त्याच्या पोटावर आला.

"लाकूड सुकलं असेल," तो म्हणाला.

गोदलीव्हने पत्रा खिडकीकडे वळवला. पत्र्यावर उजेड पडला आणि अख्खं अँटवर्प लालसर झळाळीत समोर आलं. स्खेल्डे नदी, शिडं, देवमातेच्या देवळाचा मनोरा, सगळं उलट बाजूचं, आरशातल्यासारखं.

"अरे, हा तर मी!" पाउवेल्स हरखला. "हा धक्क्यावरचा जाड्या, पावाची टोपली घेतलेला. पण टोपली डाव्या हातात कशी?"

"छापल्यावर उजव्यात येईल," लिस्केन म्हणाली. "आणि हा पक्षी पाहा, नदीवर. इथे बाबांची कोरणी एकदा निसटली. खोल चरा पडला. घासून जाईना, म्हणून त्यांनी त्याचाच पक्षी केला."

"चूक लपवायची नाही, तिला पंख लावायचे," गिलिस पुटपुटला. तो पहिल्यांदाच बोलला होता.

गोदलीव्हने पत्रा त्याच्यासमोर धरला. "उस्ताद, जरा हात लावून सांगा. पत्रा तुमचाच ना?"

म्हाताऱ्याचे हात बाह्यांतून बाहेर आले नाहीत. "माझ्या घरात आहे, म्हणजे माझाच."

"तुम्ही तो कुणाला दिला होता का?"

"मेल्किओर म्हणतो दिला, तर दिला असेल. अडुसष्ट वर्षांचा आहे मी, बाई. एवढी धावपळ कशाला?" मग आवाज उतरला. "फक्त लिस्केनचं नाव यात कुठे येऊ देऊ नका."

लिस्केन खाली मान घालून उभी राहिली. बाहेर पडताना गोदलीव्हने तिला विचारलं, "कोरायला शिकवलंय ना तुला त्यांनी?"

"लपूनछपून," ती म्हणाली. "मुलीला गिल्ड हत्यार धरू देत नाही. पण मी पत्रा नाही हं—"

"मी विचारलं का? एक काम कर. संध्याकाळी दोन चांगले कागद भिजवून ठेव, उद्या छापायला. आणि योस्टला सकाळी सहाला बोलाव."

*

हेंड्रिक सासने आपला छाप ईस्टरपासून दुकानाच्या खिडकीत टांगला होता. येणारा-जाणारा तो पाहून पुढे जायचा.

"प्रेसवरून ओला उचलला आणि ओलाच खळीने कापडावर चिकटवला," तो अभिमानाने म्हणाला. "वाळला की ढोलासारखा ताणून बसतो. आणि मिडलबर्गचे लोक तोच विकतात! माझा धंदा बुडवला की हो त्या म्हाताऱ्याने!"

"म्हाताऱ्याचा गळा आवळला जातोय, तुमचा नाही," गोदलीव्ह म्हणाली आणि छापाच्या दाबाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत दोरा लावला. गाठ मारली. सास बघतच राहिला.

योस्ट केम्पेनेर जिन्याखालच्या खोलीत काम करायचा. तिशीचा, हात शाईने आणि बोलणं रागाने भरलेलं. लिस्केनला मागणी घातल्यावर गिलिसने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"हो, भांडलो त्यांच्याशी," तो म्हणाला. "तरी छाप दिला त्यांनी जाताना. हा बघा." त्याने पेटारा उघडला. छाप झाकणाच्या आतल्या बाजूला काठोकाठ चिकटवलेला होता. "त्याच संध्याकाळी ओला डकवला. रोज सकाळी पेटारा उघडतो आणि शिव्या देतो."

"कुणाला?"

"स्वतःला. असलं पाणी मला जन्मात कोरता येणार नाही."

गोदलीव्हने दोरा लावला. सासच्या दोऱ्याशी तो बरोबर जुळला.

रस्त्यावर येताच पाउवेल्सने तिची बाही ओढली. "हाच तो, वहिनी! हात कसबी, डोकं तापलेलं, आणि मुलगी नाकारलेली. आणखी काय हवं?"

"पाव करपला की भट्टीशी उभा असलेलाच दोषी का, भावजी?"

"बहुतेक वेळा तोच," पाउवेल्स प्रामाणिकपणे म्हणाला.

गिल्डच्या दिवाणखान्यात प्रमुख मेल्किओरने त्यांचं अगत्याने स्वागत केलं. चांदीसारखी दाढी, काळा मखमली अंगरखा आणि चेहऱ्यावर दुःख, अगदी मोजून मापून.

"गिलिस आणि मी एकाच बाकावर शिकलो," तो म्हणाला. "एकच गुरू, एकच कोरणी आलटून पालटून. त्याच्याविरुद्ध बोलताना माझी जीभ जड होते. पण शपथ ती शपथ."

"तुम्हीही कोरता?"

"वीस वर्षं हत्याराला हात नाही. कापतात हो हात."

त्याने हातमोजे काढले आणि कपाटातून आपला छाप आणला. तो कुठेही चिकटवलेला नव्हता. दोरीवर वाळला तसाच, मऊ, कडा किंचित वळलेल्या. मिडलबर्गचा छापही त्याच्याजवळच होता. मेल्किओरने कागद तिच्यापुढे पसरला तेव्हा गोदलीव्हची नजर क्षणभर त्याच्या तळव्यावर थांबली. मधल्या भागात, जरा करंगळीकडे, गोल कडक घट्टा होता, लालसर.

तिने दोन्ही कागदांना दोरा लावला. दोन्ही दोरे एकमेकांशी जुळले, पण सासच्या दोऱ्यापेक्षा जवाच्या दाण्याएवढे आखूड होते.

"मन भरलं?" मेल्किओरने विचारलं. "पत्र्याशी केसाइतका फरक नाही. मी स्वतः लावून पाहिलं."

"ते मी ऐकलंय," गोदलीव्ह म्हणाली. "उद्या हे दोन्ही कागद घेऊन याच. तुमच्याशिवाय उलगडा व्हायचा नाही."

परतीच्या वाटेवर ती इतकी भराभर चालत होती की पाउवेल्सला धाप लागली. पुलावर थांबून ती एकदम हसली.

"भावजी, लाकूड सुकलं की आटतं की फुगतं?"

"आटतं. माझे पिठाचे हौद—"

"मग पेटी आटली तर आतला पत्रा सैल होईल की घट्ट?"

पाउवेल्स दुसऱ्या पुलापर्यंत विचार करत होता.

*

दहाच्या ठोक्याला गिलिसची खोली भरली. कोतवाल, त्याचे दोन शिपाई, गिल्डचे दोन पंच, मेल्किओर, सास, योस्ट. गिलिस खिडकीशी, हात बाह्यांत. लिस्केनचा चेहरा पांढराफटक होता.

शेगडीजवळ दोरीवर एक छाप लटकत होता, वाळलेला.

"योस्टने आणि लिस्केनने आज पहाटे हा या पत्र्यावरून काढला," गोदलीव्ह म्हणाली. "कोतवालसाहेब, यावर आणि मिडलबर्गच्या छापावर तुमच्या हाताने दोरा लावा."

कोतवालाने लावला. पुन्हा लावला. भुवया वर गेल्या. "आजचा लहान आहे. जवाच्या दाण्याएवढा."

"शक्य नाही," मेल्किओर म्हणाला. "पत्रा तोच आहे."

"तोच असता तर छापही तेवढाच आला असता. माझे वडील कापड मोजायचे. लबाड व्यापारी कापड ओलं करून, ताणून आणायचे, म्हणजे गजावर जास्त भरतं. वाळलं की आटतं. कागद कशाचा होतो? चिंध्यांचा. तो ओला करूनच छापतात. दोरीवर वाळताना तो आटतो, आणि त्याच्यासोबत चित्रही. मग खरा पत्रा आपल्या वाळलेल्या छापापेक्षा नेहमी थोडा मोठाच असणार. बरोबर ना, योस्ट?"

योस्टने कपाळावर हात मारून घेतला. "बरोबर. रोज बघतो आम्ही. रोज बघतो म्हणूनच दिसत नाही."

"प्रमुखांनी वाळलेला कागद पत्र्यावर ठेवला आणि केसाइतका फरक निघाला नाही. सगळ्यांनी म्हटलं, जुळतो म्हणून खरा. मी म्हणते, जुळतो म्हणूनच खोटा. ही नक्कल आहे, वाळलेल्या छापावरून केलेली. तिचा छाप वाळून आणखी लहान झाला. म्हणून तर पेटीत ती खडखडते. लाकूड आटलं असतं तर पत्रा अडकला असता. लाकूड जागच्या जागी आहे, पत्राच लहान आहे."

"हौद!" पाउवेल्स मागून ओरडला. "आलं लक्षात!"

"मग खरा पत्रा मिडलबर्गला," कोतवाल सावकाश म्हणाला. "पण अदलाबदल केली कुणी?"

"नक्कल कुठल्या छापावरून झाली ते पाहा. छाप तीनच होते. सासचा ओलाच कापडावर ताणला गेला आणि ईस्टरपासून खिडकीत आहे. योस्टचा त्याच संध्याकाळी पेटाऱ्याला चिकटला. ते दोन्ही आटू शकले नाहीत, पत्र्याएवढेच मोठे राहिले. मोकळा वाळलेला, आटलेला छाप एकच, आणि तो या नकलेशी तंतोतंत जुळतो. ते तर छापाच्या मालकानेच आपल्याला दाखवलं."

सगळ्यांच्या माना मेल्किओरकडे वळल्या. तो मात्र हसला.

"बाई हुशार आहेत. पण पत्रा सबंध वेळ कुणाच्या घरात होता? गिलिस आंधळा आहे, मान्य. मुलगी नाही. तिला कोरता येतं हे मला माहीत आहे. विचारा तिला!"

 कोतवाल लिस्केनकडे वळला, आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गिलिस उभा राहिला होता.

"पत्रा मी विकला," तो म्हणाला. "मीच. तिचा काही संबंध नाही. चला, कुठे न्यायचं तिथे न्या."

"बाबा!"

"बसा, उस्ताद," गोदलीव्ह मऊ आवाजात म्हणाली. "काल तुम्ही पत्र्याला हात का लावला नाहीत ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो आपला नाही हे तुम्हाला केव्हाच कळलंय. आणि तुम्हाला वाटलं की तो लिस्केनने कोरलाय."

म्हाताऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. 

"तिने नाही कोरला. कसं ते ऐका. तिच्या घरात खरा पत्रा होता. तिने नक्कल केली असती तर पत्रा समोर ठेवून, त्याच्याच मापाने केली असती. घरात विहीर असताना कुणी शेजाऱ्याकडे पाणी मागत नाही. ज्याच्याजवळ पत्रा नव्हता, फक्त कागद होता, त्यानेच कागदाच्या मापाने नक्कल केली. ईस्टर ते सप्टेंबर कोरत बसला. मग शिक्क्याच्या निमित्ताने तीन दिवस पेटी गिल्डमध्ये आली, आणि परत जाताना तीत दुसरा पत्रा होता. मालक आंधळा, कोण बघणार? कोतवालसाहेब, प्रमुखांना हातमोजे काढायला सांगा. कोरणीची मूठ तळव्यात जिथे रुतते तिथे घट्टा पडतो. योस्टच्या हातावर बघा, तसाच. वीस वर्षं हत्यार न धरलेल्या हातावर तो ताजा कसा?"

मेल्किओरने हातमोजे काढले नाहीत. काढायची गरजही उरली नव्हती.

"एकच बाक, एकच गुरू," तो अखेर म्हणाला. आता त्याच्या आवाजात दुःख होतं आणि ते मोजलेलं नव्हतं. "त्याची एकतीस शहरं. माझं एकही नाही. मी परवाने तपासत बसलो. मिडलबर्गवाल्यांनी विचारलं, आणि मला एकच पाहायचं होतं, मला जमतं का. जमलं की नाही? पंचांना कळलं नाही. योस्टला कळलं नाही. सांग, गिलिस, जमलं ना?"

"नाही," गिलिस म्हणाला. "पेटी परत आली त्याच दिवशी अंगठा फिरवला. माझा पक्षी बोटाला टोचतो. तुझा टोचत नाही."

शिपाई मेल्किओरला घेऊन गेले. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. पंच एकमेकांकडे बघत गिलिसची माफी कोणी मागायची ते ठरवत होते. शेवटी कोतवालानेच मागितली.

खोली रिकामी झाल्यावर लिस्केन बापासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

"महिनाभर तुम्हाला वाटत होतं की मी तुम्हाला विकलं?"

"वाटत होतं."

"आणि तरी फासावर चढणार होतात."

"काय करू? नदीचं पाणी इतकं सुरेख कोरलं होतं," म्हातारा अपराध्यासारखा म्हणाला. "अंगठा फिरवला आणि वाटलं, असं पाणी दुसऱ्या कुणाला येणार? मेल्किओरला मी विसरलोच होतो. रात्री रडलो. पण खरं सांगू, थोडा खूशही झालो."

लिस्केनने त्याचे हात बाह्यांतून ओढून बाहेर काढले, त्याचा अंगठा धरला आणि पत्र्यावरच्या त्या गुळगुळीत पक्ष्यावर टेकवला.

"बाबा, मी कोरला असता तर हाही टोचला असता," ती म्हणाली. "मी तुमच्या चुकासुद्धा शिकलेय."

गिलिस हसला. इतका हसला की त्याला खोकला आला, आणि मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते पाउवेल्सला कळलं नाही. त्याने स्वतःचंही नाक पुसून घेतलं.

"योस्ट," म्हातारा म्हणाला, "तांबटाकडे जा. नवा पत्रा आण, जुन्याच मापाचा. जुना मिडलबर्गवाल्यांना लखलाभ होवो. बत्तिसावं शहर पुन्हा अँटवर्पच, ते लिस्केन कोरेल, मी तोंडाने सांगेन. आणि कोपऱ्यात तिचं नाव घालायचं. गिल्डला आवडो न आवडो."

"मीच जाऊ?" योस्टने विचारलं. या घरात उस्तादांनी त्याला कामाला लावून सहा महिने झाले होते.

"तूच. आणि परत ये."

गोदलीव्हने दोरे गुंडाळून पिशवीत ठेवले. दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की भावजी मागेच राहिले आहेत. पाउवेल्स लिस्केनच्या कानाशी लागून काहीतरी समजावत होता.

"फार काही नाही गं," तो म्हणत होता. "फक्त या वेळी पोट थोडं कमी कोर."